हिरवा डोळा, पिवळा त्रिकोण

तुमच्या कामाला सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं, तर मी जानेवारी २००५ सांगतो. संगणक जोडून देणं, प्रिंटर चालू करून देणं, व्हायरस काढणं ही कामं मी साताऱ्यात त्याआधीपासून करत होतो. पण ज्या कामावर पुढे माझं घर चाललं, ते त्या महिन्यापासूनचं. २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ या पट्ट्यात कमी शक्तीची बिनतारी यंत्रं वापरायला यापुढे परवाना लागणार नाही, अशी अधिसूचना केंद्र सरकारने त्या महिन्यात काढली. त्याच महिन्यात बीएसएनएलने डेटावन आणि मुंबई-दिल्लीत एमटीएनएलने ट्रायबँड या नावाने ब्रॉडबँड सुरू केलं. आणि जेमतेम पाच महिने आधी, ऑगस्ट २००४ मध्ये, विंडोज एक्सपीचा दुसरा सर्व्हिस पॅक आला होता. या तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी, एकमेकींची दखल न घेता ठरल्या. एकत्र आल्या त्या लोकांच्या दिवाणखान्यात: टेलिफोनशेजारी एक मोडेम, आतल्या खोलीत संगणक, मध्ये तार नाही, आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात घड्याळाला चिकटून एक नखाएवढं चित्र. त्या चित्रावर लाल फुली आली, पिवळा त्रिकोण आला किंवा चित्रच गायब झालं, की माझा फोन वाजायचा.

परवाना उठला हे केवढं मोठं होतं, ते आता कुणाला जाणवत नाही. १९३३ चा इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्ट इतका कडक होता की बिनतारी यंत्र चालवणं सोडाच, परवान्याशिवाय ते नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा होता. घरातला रेडिओसुद्धा याच कायद्यात बसायचा. दरवर्षी पोस्टात फी भरून परवान्याच्या पुस्तकावर नोंद करून घ्यावी लागायची. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रेडिओचा परवाना रद्द झाला. माझ्या वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुरुस्तीला सेट आणणारी काही मंडळी ते पुस्तकही पिशवीत घालून आणायची, वाटेत कुणी हटकलं तर दाखवायला. ज्या कायद्याखाली लोकांनी मर्फीच्या आणि बुशच्या सेटसाठी पोस्टात रांगा लावल्या, त्याच कायद्यातून २००५ ची सूट दिलेली आहे. घरातल्या वायफायचा इतिहास सांगताना लोक अमेरिकेपासून सुरुवात करतात. आपल्याकडचा इतिहास त्या पोस्टातल्या खिडकीपासून सुरू होतो असं मला वाटतं.

वडिलांच्या दुकानाचा उल्लेख आणखी एका कारणासाठी करायला हवा. व्हॉल्व्हच्या मोठ्या रेडिओंमध्ये एक हिरवा डोळा असायचा. मॅजिक आय म्हणायचे त्याला. १९३५ साली अमेरिकेत आरसीए कंपनीने ६ई५ ही नळी बाजारात आणली, आणि पुढची तीसेक वर्षं बऱ्यापैकी महागड्या सेटवर असा डोळा दिसायचा. नळीच्या आत एका गोल पत्र्यावर हिरवा उजेड पडायचा आणि त्या उजेडात एक काळी फट असायची. स्टेशन नीट लागत आलं की फट मिटत जायची. रेडिओ सिलोन शॉर्टवेव्हवर ऐकणाऱ्यांना हा डोळा फार जवळचा होता. लहरी वर आयनांबरातून कशा परततात त्यावर आवाज चढायचा-उतरायचा, आणि डोळा त्याबरोबर मिटायचा-उघडायचा.

हा डोळा नेमकं काय मोजतो, हे वडिलांनी मला सातवी-आठवीत समजावून सांगितलं होतं. तो गाणं मोजत नाही. स्टेशनवरून येणाऱ्या वाहक लहरीचा जोर किती, एवढंच मोजतो. निवेदक गप्प बसला असेल, स्टुडिओतली तार तुटली असेल, लाउडस्पीकर जळलेला असेल, तरी लहर जोरात येत असेल तर डोळा मिटलेलाच दिसणार. उलट, काही हजार तास चालून नळीतला हिरवा लेप विटला की डोळा अंधारायचा, आणि रेडिओ मात्र ठणठणीत वाजत राहायचा. “डोळा गेला, रेडिओ गेला” म्हणत लोक सेट घेऊन यायचे. वडील आधी रेडिओ लावून ऐकायचे आणि मग डोळ्याकडे बघायचे. कोणतीही खूण साखळीतल्या एकाच जागेवर बसून माप घेते, ती जागा कोणती हे दुरुस्ती करणाऱ्याला ठाऊक असलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं मी पुढे संगणकावर रोज वापरलं.

वायफाय कसं आलं ते थोडक्यात सांगतो, कारण ते पुष्कळ ठिकाणी छापून आलेलं आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा मुळात कारखाने, दवाखाने आणि प्रयोगशाळांतल्या यंत्रांसाठी राखलेला होता. मायक्रोवेव्ह भट्टीही तिथेच चालते. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या संचार आयोगाने अशा पट्ट्यांत परवान्याविना संदेशवहनाला मुभा दिली. हॉलंडमध्ये एनसीआर कंपनीच्या अभियंत्यांना दुकानांतली गल्लायंत्रं तारा न ओढता जोडायची होती. त्यांनी वेव्हलॅन बनवलं. त्यांच्यातले व्हिक हेज पुढे अनेक वर्षं आयईईईच्या ८०२.११ या मानक समितीचे अध्यक्ष होते. १९९७ साली पहिलं मानक आलं, सेकंदाला १ ते २ मेगाबिटचं. १९९९ साली ११ मेगाबिटचं. त्याच वर्षी जुलैत ॲपलने न्यूयॉर्कला आयबुकबरोबर एअरपोर्ट दाखवलं, तेव्हा तार नाही हे प्रेक्षकांना पटावं म्हणून फिल शिलर हातात संगणक घेऊन उंचावरून गादीवर उडी मारून उतरले. एका गोष्टीचा मात्र मला विशेष आदर वाटतो. खोलीतल्या भिंती, फरशी, कपाटं यांवरून लहरी परतून एकमेकींवर पडतात आणि संदेश चिरडला जातो. यावर उपाय शोधणाऱ्या ऑस्ट्रेलियन चमूतले जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या छोट्या कृष्णविवरांकडून येऊ शकणारे क्षीण रेडिओ स्पंद ते सत्तरच्या दशकात हुडकत होते. ते स्पंद सापडले नाहीत, पण पुसट झालेला संकेत गणिताने स्वच्छ करण्याचं कसब हाताला लागलं. आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटीच्या तीस तबकड्या ज्या विद्येवर चालतात, त्याच विद्येच्या घराण्यातली ही गोष्ट आहे.

आता त्या चित्राकडे येतो.

विंडोज एक्सपी ऑक्टोबर २००१ मध्ये आलं, तेव्हा त्यात वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन नावाची एक सेवा होती. बिनतारी जाळी शोधणं, ओळखीच्या जाळ्याला जोडणं हे काम ती पडद्याआड करायची. तिचं दिसणारं रूप म्हणजे कोपऱ्यातला छोटा मॉनिटर आणि त्याच्यातून निघणाऱ्या कमानी. माउसचा बाण त्यावर नेला की पट्टी उघडायची: जाळ्याचं नाव, वेग, आणि संकेताचा जोर. जोरासाठी शब्द होते. एक्सलंट, व्हेरी गुड, गुड, लो, व्हेरी लो. वेगाच्या जागी बहुतेक वेळा ५४ एमबीपीएस लिहिलेलं असायचं, आणि तिथून पहिला गैरसमज सुरू व्हायचा. त्या काळी घरगुती ब्रॉडबँड म्हणजे बहुतेकांकडे २५६ केबीपीएस. लोक म्हणायचे, इथे चोपन्न लिहिलंय आणि फोटो उघडायला पाच मिनिटं लागतात. चोपन्न हा संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग. मोडेमच्या पुढे रस्त्यावरच्या तांब्याच्या तारेतला वेग त्याच्या दोनशेव्या हिश्शाहूनही कमी. चित्र हॉलपासून बेडरूमपर्यंतचं खरं सांगत होतं. रस्त्याबद्दल ते काही बोलतच नव्हतं.

दुसऱ्या सर्व्हिस पॅकने या चित्रावर पिवळा त्रिकोण आणला. त्यात काळं उद्गारचिन्ह आणि वर फुग्यात वाक्य: लिमिटेड ऑर नो कनेक्टिव्हिटी. ते वाक्य वाचून लोक घाबरत. मला विचाराल तर घरगुती संगणकाच्या इतिहासातल्या सगळ्यांत उपयोगी खुणांपैकी ही एक आहे. तोपर्यंत चित्राला दोनच गोष्टी सांगता येत होत्या, जोडलंय किंवा नाही. त्रिकोणाने तिसरी गोष्ट सांगितली: लहर पोचली आहे, पण पत्ता मिळालेला नाही. हिरव्या डोळ्याला हे कधीच सांगता आलं नसतं.

पत्ता म्हणजे काय ते सांगायला हवं. जाळ्यात शिरल्याबरोबर संगणक मोडेमला विचारतो, माझा क्रमांक काय? मोडेम त्याला १९२.१६८.१ अशा सुरुवातीचा एक क्रमांक देतो. देण्याघेण्याची ही पद्धत, डीएचसीपी, १९९३ पासूनची. विचारून विचारून उत्तर आलं नाही, की विंडोज स्वतःच स्वतःला एक क्रमांक लावून घेतं, आणि तो नेहमी १६९.२५४ ने सुरू होतो. हा आकडा दिसला की मला हायसं वाटायचं. रेडिओ चालू आहे, कार्ड चालू आहे, ड्रायव्हर चालू आहे, हे सगळं त्या दोन आकड्यांत आलं. तोवर गिऱ्हाईक मात्र नवा संगणक घेण्याच्या गोष्टी बोलत असायचं.

उत्तर का येत नाही, याची आमच्याकडची दोन मोठी कारणं होती.

पहिलं कारण परवलीची किल्ली. जुन्या वेप पद्धतीत किल्ली दहा किंवा सव्वीस अक्षरांची, त्यात शून्य ते नऊ आकडे आणि ए ते एफ ही अक्षरं. मोडेम बसवणारा माणूस ती कालनिर्णयच्या मागे किंवा फोनच्या डायरीत लिहून जायचा. आठ आणि बी, डी आणि शून्य, यांतला फरक त्या अक्षरात कुणाला कळणार! वेपच्या नेहमीच्या मांडणीत किल्ली चुकीची असली तरी दार उघडल्यासारखं दिसायचं. संगणक जाळ्याला जोडला जायचा, चित्रात कमानी उमटायच्या, जोर एक्सलंट. पण पुढचं बोलणं एकमेकांना उलगडत नसल्यामुळे पत्ता मिळायचा नाही. मग त्रिकोण. नंतरच्या डब्ल्यूपीए पद्धतीत चुकीची किल्ली दारातच अडवली जाते. म्हणून तोच त्रिकोण २००६ साली एक सांगायचा आणि २०१० साली दुसरंच. वेपचं कुलूप कच्चं आहे हे फ्लुहरर, मांटिन आणि शमीर यांनी २००१ मध्येच दाखवून दिलं होतं, तरी आमच्या गल्ल्यांमध्ये ते पुढे कितीतरी वर्षं लागलेलं होतं.

दुसरं कारण भारनियमन. त्या वर्षांत महाराष्ट्रातल्या गावांनी वीज जाण्याचं वेळापत्रक पाठ केलेलं होतं. संगणकाला यूपीएस असायचा, मोडेमला नसायचा. वीज गेली की मोडेम मेला, संगणकावर लाल फुली. वीज आली की मोडेम उठून, टेलिफोन केंद्राशी सूर जुळवून तयार व्हायला वेळ घ्यायचा. तेवढ्यात संगणकाने पत्ता मागून, वाट पाहून, १६९ वाला क्रमांक लावूनही घेतलेला असायचा. तो पुन्हा विचारतो, पण पाच-पाच मिनिटांनी. ती पाच मिनिटं थांबायचा कुणाला धीर नसतो. म्हणून बंद करून चालू करण्याचा क्रम मी सगळ्यांना पाठ करून घेतला होता: आधी मोडेम, त्याचा डीएसएलचा दिवा स्थिर होऊ द्या, मग संगणक. लोक याला टोटका समजायचे. त्यामागचं कारण मी प्रत्येक वेळी सांगायचो, कारण कारण कळलं की क्रम विसरत नाही.

यातलं निम्मं काम फोनवर व्हायचं. एका निवृत्त शिक्षिकेशी झालेलं बोलणं मला अजून आठवतं.

“काकू, खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाच्या शेजारी बघा. काय दिसतंय?”

“छोटा कॉम्प्युटर दिसतोय बाबा.”

“त्याच्यावर लाल फुली आहे?”

“फुली नाही. पिवळं काहीतरी आहे, देवळाच्या कळसासारखं.”

“त्यात उद्गारचिन्ह?”

“आहे की. आत्ताच आलं. मघाशी एक ठिपका इकडून तिकडे पळत होता.”

“पळत होता तेव्हा तो पत्ता मागत होता, काकू. मिळाला नाही म्हणून हे आलं.”

“कुणाकडे मागतो?”

“तुमच्या फोनशेजारच्या डब्याकडे.”

“अरे, मग डब्यालाच विचारायला हवं ना!”

आणि त्या उठून मोडेमकडे गेल्या. पळणाऱ्या ठिपक्याचं निरीक्षण मी भल्याभल्या इंजिनिअरांकडून ऐकलेलं नाही. चाळीस वर्षं मुलांच्या वह्या तपासलेल्या बाई, त्यांची नजर बारीक. पुढे त्या शेजाऱ्यांची चित्रं बघून मला फोनवर निदान सांगायच्या, आणि ते बहुतेक बरोबर असायचं.

घरी गेल्यावर मात्र मी चित्रावर थांबत नसे. काळी खिडकी उघडायची, आयपीकॉन्फिग लिहायचं, पत्ता वाचायचा. मग पिंग. हा छोटा प्रोग्राम अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिला, जाळ्यातल्या एका अडचणीचा छडा लावायला म्हणून. त्यात पायऱ्या आहेत. आधी १२७.०.०.१, म्हणजे संगणक स्वतःशीच बोलतो का. मग स्वतःचा पत्ता. मग मोडेमचा, १९२.१६८.१.१. मग बाहेरचा एखादा आकड्यातला पत्ता, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाचं नाव. जिथे उत्तर थांबतं त्याच्या अलीकडे सगळं बरं आणि पलीकडे बिघाड. आकड्याने उत्तर येतं पण नावाने येत नाही, तर पत्त्यांची वही, म्हणजे डीएनएस, बंद. घरातली मुलं खांद्यावरून डोकावायची. मी त्यांना कीबोर्ड द्यायचो. हे लपवून ठेवण्यासारखं ज्ञान नाही, आणि ज्यांनी ते लपवून प्रत्येक खेपेचे पैसे घेतले त्यांच्याबद्दल मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

चित्रच दिसत नाही, ही वेगळी तक्रार. यात कधी काहीच बिघडलेलं नसायचं. कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये खाली एक चौकट असायची, जोडलेलं असताना चित्र दाखवावं की नाही याची, आणि तिच्यातली बरोबरची खूण कुणीतरी काढलेली असायची. कधी टास्कबार स्वतःच न वापरलेली चित्रं बाणाआड ढकलायचा. कधी संगणकाला जुन्या चित्रांची आठवण चिकटून राहायची. ती रजिस्ट्रीत आयकॉनस्ट्रीम्स या नावाखाली साठते. ती नोंद पुसून एक्सप्लोरर पुन्हा सुरू केलं की चित्र जागेवर. इंटरनेट चालू आहे आणि चित्रावर फुली, असंही व्हायचं, आणि तेव्हा मला दुकानातल्या विटलेल्या हिरव्या डोळ्यांची आठवण यायची. मीही आधी एखादं पान उघडून बघायचो, मग फुलीकडे.

खरी कटकट व्हायची ती दोन कारभारी असले की. लॅपटॉप बनवणारे आपापला वायरलेस प्रोग्राम घालून द्यायचे, आणि विंडोजची झिरो कॉन्फिगरेशन सेवा होतीच. एकाने जोडायचं, दुसऱ्याने तोडायचं. कोपऱ्यात दोन चित्रं, एकात हिरव्या रेघा आणि दुसऱ्यावर फुली. शिवाय बनवणाऱ्याचा प्रोग्राम काढून टाकला तरी विंडोजची सेवा बंदच राहायची, कारण त्याने येताना ती बंद केलेली असायची. मग सर्व्हिसेसच्या यादीत अगदी तळाशी जाऊन वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन शोधायचं, स्टार्ट करायचं, आणि स्टार्टअप टाइपला ऑटोमॅटिक करायचं. ही यादी इंग्रजी वर्णक्रमाने असल्याने ते नाव नेहमी शेवटीच सापडतं. माझी बोटं आजही आपोआप तळाशी जातात.

आमच्याकडची घरं हा या कामातला स्वतंत्र धडा होता. जुन्या वाड्यांच्या भिंती हातभर जाड, दगड-विटा-मातीच्या. मोडेम सोप्यात, संगणक माजघराच्या मागे. मध्ये लोखंडी कपाट आलं तर ते लहरींना परतवून लावतं. डेस्कटॉपला यूएसबीचा छोटा वायरलेस तुकडा मागच्या बाजूला खोचलेला, म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याच्या आड, टेबलाखाली, भिंतीकडे तोंड करून. एक मीटरभर यूएसबी वायर लावून तो तुकडा टेबलावर आणला की व्हेरी लोचं गुड व्हायचं. त्या वायरी मी पुण्याला बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीतून घाऊक आणायचो, त्याच गल्लीतून जिथून वडील व्हॉल्व्ह आणि कंडेन्सर आणायचे.

आणि अमेरिकेहून आलेले लॅपटॉप! मुलगा न्यू जर्सीहून आईवडिलांसाठी लॅपटॉप आणायचा. दिवाणखान्यात बसून सगळ्या शेजाऱ्यांची जाळी दिसायची, आणि स्वतःच्या घरातलं, दोन हातांवरचं, दिसायचं नाही. अशा वेळी मी मोडेमच्या पानावर जाऊन चॅनेल बघायचो. आपल्याकडे या पट्ट्यात एक ते तेरा चॅनेल चालतात. अमेरिकेसाठी बनवलेली बरीच कार्डं अकरापर्यंतच ऐकतात. मोडेमने आपणहून बारावं किंवा तेरावं निवडलं असेल, तर त्या लॅपटॉपच्या दृष्टीने ते घरात नाहीच. चॅनेल सहावर किंवा अकरावर आणायचं, काम झालं. परगावच्या मुलाला वाटायचं की इथल्या लाइनमध्ये दोष आहे, आणि आईवडिलांना वाटायचं की लॅपटॉप खराब निघाला. दोष कशातच नव्हता. दोन देशांच्या नियमांत दोन चॅनेलांचा फरक होता.

२००७ साली विंडोज व्हिस्टा आलं आणि चित्राने आणखी एक जबाबदारी अंगावर घेतली. पत्ता मिळाला एवढ्यावर न थांबता, बाहेरचं जग खरंच पोचतंय का हेही ते तपासू लागलं. त्यासाठी संगणक मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक ठिकाणी जाऊन एनसीएसआय नावाची एवढीशी मजकूर-फाइल मागतो. ती आली आणि आतले दोन शब्द जुळले, की इंटरनेट आहे. नाही आली, तर लोकल ओन्ली. कल्पना उत्तम. पण खूण आता फार लांबच्या एका जागेवर बसून माप घेऊ लागली. ज्या कॉलेजांत सगळी वाहतूक प्रॉक्सीमधून जायची, तिथे सगळी पानं उघडायची आणि कोपऱ्यात त्रिकोण तसाच. उलट, मदरबोर्डवरचा गोल सीआर २०३२ सेल संपला आणि संगणकाची तारीख काही वर्षं मागे गेली, की चित्र अगदी स्वच्छ आणि बँकेचं पान उघडत नाही, कारण त्या पानाचं प्रमाणपत्र संगणकाच्या लेखी अजून जन्मलेलंच नाही. २०२० साली विंडोज १० च्या एका आवृत्तीत ही तपासणीच चुकते आहे, इंटरनेट असून नाही असं दाखवते आहे, हे खुद्द मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं होतं. त्या वर्षी मुलांची शाळा त्या कोपऱ्यावर चाललेली होती, म्हणून ही बारीकशी चूक घराघरांत जाणवली.

एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला थांबला. तोवर माझ्याकडे येणारी निम्मी यंत्रं एक्सपीची होती. तो छोटा मॉनिटर, पळणारा ठिपका, फुग्यातली वाक्यं हे त्याच्याबरोबर गेलं. आता पंख्यासारख्या कमानी आहेत, किंवा नुसता पृथ्वीचा गोल. विंडोज ११ मध्ये जाळं, आवाज आणि बॅटरी यांची एकच कळ झाली आहे, आणि संकेताचा जोर शब्दांत वाचायला कुणी जात नाही. मला हे आवडत नाही. व्हेरी लो हा शब्द वाचून माणूस उठून मोडेमकडे चालत जायचा. दोन कमानींकडे बघून तो मला फोन करतो.

ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा आपल्याकडे परवानामुक्त झाला. तेव्हापासून एका घरात जाळ्याची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एक मागे ५जी लावलेलं. लोक त्याला मोबाइलचं ५जी समजून आनंदाने तेच निवडतात, आणि भिंतीआड गेल्यावर ते तुटतं, कारण त्या लहरी भिंतीतून कमी पार होतात. वाड्यांत मी अजूनही २.४ च लावून देतो.

तांब्याची तार जाऊन फायबर आलं आहे. काचेच्या त्या बारीक तंतूत पावसाचं पाणी शिरून खरखर होत नाही, पण तो तुटला की पूर्ण तुटतो. घरातल्या डब्यावर त्यासाठी एक वेगळा दिवा असतो, लॉस लिहिलेला. परवाच एका घरून फोन आला. लॅपटॉपवर कमानी भरलेल्या, जोर पूर्ण, आणि पान उघडत नाही. मी आधी डब्यावरचा तो दिवा बघायला सांगितलं. लाल लुकलुकत होता. मग विचारलं, गल्लीत आज कुठे खोदकाम चालू आहे का. कोपऱ्यावर, पाण्याच्या लाइनसाठी, सकाळपासून.